आयसीयूतले आप्पा आणि छतावरच्या मुंग्या

नमस्कार डॉक्टर,

माझे वडील ७४ वर्षांचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. दहा आठवड्यांपूर्वी रात्री उठताना ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे कमरेतून भूल देता येणार नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांच्या पलंगाशी उभं राहून कागदावर सही मी केली. ऑपरेशन चांगलं झालं. पण तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया झाला, त्यांना आयसीयूत हलवलं आणि सहा दिवस व्हेंटिलेटर लागला. नळी निघाली तेव्हा ते आमचे आप्पा राहिलेच नव्हते. छतावर मुंग्या चालल्यात म्हणायचे, सिस्टर विष देतात म्हणायचे, सलाइन उपटायचे. त्यांचे हात बांधावे लागले. मला बघून ओरडले, "हिनंच मला विकलं." त्यानंतर दोन दिवस मी आत गेलेच नाही, दादा जात होता.

आता ते घरी आहेत, वॉकर घेऊन चालतात. पण गप्प असतात, कालची गोष्ट आज आठवत नाही, साधा हिशेब चुकतो, रात्री दचकून उठतात. आयसीयूत सुरू झालेली झोपेच्या वेळची एक गोळी अजून चालू आहे. नातेवाईक म्हणतात, पूर्ण भुलीनं मेंदू गेला, सही करायला नको होती. त्यातच पित्ताशयात खडे निघालेत. एकदा जोरात दुखलं, आता सर्जन ऑपरेशन सुचवतात. पुन्हा भूल म्हणजे पुन्हा तेच का? नाही म्हणू का? आणि आयसीयूतला विषय त्यांच्यासमोर काढावा की नाही?

– सही करणारी मुलगी

*

नमस्कार,

तुमच्या सहीपासूनच सुरुवात करते, कारण पत्राखाली नावाच्या जागी तुम्ही तीच लिहिली आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाची निम्मी वर्षं आयसीयूत गेली. त्या दाराबाहेर बसलेल्या माणसांना मी रोज भेटते. जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक क्षण रुतून बसलेला असतो: तेव्हा मी हो म्हटलं नसतं तर?

तर काय झालं असतं, ते सांगते. कमरेतून भूल देताना सुई दोन मणक्यांच्या मधून नसांभोवतीच्या पाण्यापर्यंत न्यावी लागते. रक्त पातळ केलेलं असेल तर सुई गेली तिथे आतल्या आत रक्त साचू शकतं. मणक्याच्या पोकळीत जागा थोडीच असते. साचलेलं रक्त नसांवर दाब आणतं आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर सावरायला काही तासच मिळतात. आप्पांची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. क्लोपिडोग्रेलसारखी असेल तर तिचा असर उतरायला पाच ते सात दिवस जातात. मोडलेल्या खुब्याच्या माणसाला इतके दिवस अंथरुणावर ठेवणं हाच मोठा धोका असतो. फुफ्फुसात कफ साठतो, पायांत रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात, आणि हलवलं की होणाऱ्या वेदना वेगळ्याच. म्हणून हे ऑपरेशन एक-दोन दिवसांत उरकण्याकडे कल असतो. तुमच्या डॉक्टरांनी जे ठरवलं तेच त्या जागी मीही ठरवलं असतं, आणि माझ्या वडिलांसाठी तुम्ही केलीत तीच सही मी केली असती.

आता नातेवाइकांचा मुद्दा. कमरेतून भूल दिली असती तर डोकं शाबूत राहिलं असतं, हा समज फार जुना आहे. आम्हा भूलतज्ज्ञांमध्येही तो होता. पण त्याची नीट तपासणी झाली आहे. अमेरिका आणि कॅनडात खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, अर्ध्यांना कमरेतून भूल आणि अर्ध्यांना पूर्ण भूल. २०२१ मध्ये निकाल आला. ऑपरेशननंतर भ्रम झालेल्यांचं प्रमाण कमरेतल्या भुलीत २०.५ टक्के आणि पूर्ण भुलीत १९.७ टक्के निघालं. म्हणजे दोन्हीकडे पाचांत एक. त्यानंतरच्याच वर्षी चीनमधल्या ९५० वृद्ध रुग्णांवरचा असाच अभ्यास छापून आला, तिथेही फरक दिसला नाही. हे आकडे नातेवाइकांना खुशाल वाचून दाखवा. भूल सर्वस्वी निर्दोष असते असं मी म्हणणार नाही. औषधांची मात्रा, भुलीत खाली गेलेला रक्तदाब, सोबत दिलेली गुंगीची औषधं यांचा वाटा असू शकतो. पण "पूर्ण की कमरेतून" या एका निवडीनं आप्पांचं डोकं बिघडलं, हे खरं नाही.

मग झालं काय? जुन्या माणसांकडे याला एक शब्द होता. टायफॉइडच्या तापात कुणी बरळायला लागलं की म्हणत, "वात झालाय." त्या माणसाचं बोलणं कुणी मनाला लावून घेत नसे, आणि त्याला वेडाही ठरवत नसे. ताप उतरला की वात उतरेल, हे घरात सगळ्यांना माहीत असे. आज आम्ही त्याला डेलिरियम म्हणतो. शब्द बदलला आणि ती समजूत मात्र मागे राहून गेली.

डेलिरियम म्हणजे आजारात मेंदूनं काही काळ काम टाकणं. मूत्रपिंड थकलं की लघवी कमी होते, फुफ्फुस थकलं की दम लागतो, तसा मेंदू थकला की सर्वांत आधी लक्ष सुटतं. माणसाला एक धागा पकडून ठेवता येत नाही. आयसीयूत आम्ही हे तपासतो ते अगदी साध्या रीतीनं. इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचायची, आणि "ए" ऐकू आला की रुग्णानं आमचा हात दाबायचा. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेल्या माणसालाही त्या दिवसांत हे जमत नाही. शिवाय हे चढतं-उतरतं असतं. सकाळी माणूस बरा असतो, दिवस मावळला की बिघडतो. म्हणून सकाळी भेटून आलेला मुलगा आणि रात्री भेटलेली मुलगी यांना दोन वेगवेगळे वडील दिसतात, आणि घरात भांडणं होतात.

याला एकच कारण सहसा नसतं. वय ७४. मोडलेलं हाड, त्यावर ऑपरेशन, त्यावर न्यूमोनिया. शरीरभर उसळलेली सूज मेंदूपर्यंत पोचते. रक्तातला प्राणवायू खाली-वर होतो. व्हेंटिलेटरची नळी सहन व्हावी म्हणून गुंगीची औषधं द्यावी लागतात, आणि त्यांतली काही औषधं स्वतःच भ्रम वाढवतात. दिवस-रात्र एकाच प्रकाशाचे, दर थोड्या वेळानं यंत्रांचे आवाज, सलग दोन तास झोप नाही. चष्मा घरी, कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये. यांतली एखादी गोष्ट आप्पांनी पेलली असती. सगळ्या एकदम आल्या.

मुंग्यांबद्दल मला वाटतं ते सांगते. पुष्कळ आयसीयूंच्या छताला बारीक भोकांच्या पांढऱ्या टाइल्स असतात. त्यांच्याखाली चष्म्याशिवाय पाच मिनिटं उताणं पडून बघा, ते काळे ठिपके हलायला लागतात. तुमचा-माझा मेंदू लगेच म्हणतो, भोकं आहेत. आप्पांच्या मेंदूजवळ तेवढी ताकद उरली नव्हती, त्यानं हाताशी असलेलं उत्तर दिलं: मुंग्या. विषाचंही तसंच. कुणीतरी अनोळखी येतं, न सांगता नळीतून काहीतरी सोडतं आणि लगेच डोकं जड होतं. आणि "हिनंच मला विकलं"? माझा हा केवळ अंदाज आहे, पण त्यांच्या पलंगाशी उभं राहून तुम्ही कागदावर सही केलीत, ते त्यांनी पाहिलं होतं. नंतर वेदना, नळ्या, बांधलेले हात. तुटलेल्या तुकड्यांमधून मेंदूनं गोष्ट जुळवली आणि त्यात तुमची सही विक्रीची झाली. आप्पांच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे, हे त्या वाक्यात शोधू नका. ते तिथे सापडणार नाही.

आरडाओरडा करणारा डेलिरियम निदान सगळ्यांना दिसतो. दुसरा प्रकार मुका असतो आणि वृद्धांमध्ये तोच जास्त आढळतो. माणूस शांत पडून राहतो, विचारलं तर हुं म्हणतो, जेवण समोर तसंच राहतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका आजींच्या केसपेपरवर मी सलग तीन सकाळी लिहिलं होतं, "शांत आहेत, तक्रार नाही." चौथ्या दिवशी त्यांची नात आली आणि म्हणाली, "डॉक्टर, आजी माझं नाव विसरलीय, तुम्हाला कळलं नाही का?" कळलं नव्हतं. लघवीत जंतुसंसर्ग झाला होता, तो तीन दिवस अंगात मुरला होता, आणि मी त्यांच्या शांतपणाला बरं वाटणं समजत होते. आजी वाचल्या. पण त्या तीन ओळी मला अजून जशाच्या तशा दिसतात. तेव्हापासून घरचं कुणी "हे आमचे नेहमीचे नाहीत" म्हणालं, की मी ते नाडी आणि रक्तदाबाच्या शेजारी लिहून घेते.

तुम्हाला वाटेल, मग यावर औषध का दिलं नाही? दिलं असणार, रात्रीची ती गोळी त्यातलीच असावी. भ्रमाच्या रुग्णाला शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं वर्षानुवर्षं दिली गेली. २०१८ मध्ये ५६६ रुग्णांवरच्या अभ्यासात हॅलोपेरिडॉल आणि त्याच जातीचं आणखी एक औषध साध्या सलाइनशी ताडून पाहिलं. डेलिरियमचे दिवस एकानंही कमी केले नाहीत. रुग्ण स्वतःला इजा करून घेत असेल, नळ्या उपटत असेल, तर अशी औषधं थोडी वापरावी लागतात, मीही वापरते. पण मेंदू परत जागेवर येतो तो मूळ आजार बरा झाल्यानं, गुंगी कमी केल्यानं, झोप, प्रकाश, हालचाल आणि ओळखीच्या आवाजानं.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही. १९९९ मध्ये ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात विशेष म्हणावं असं काहीच वापरलं नव्हतं. दिवस-वेळ-जागा सांगत राहणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावणं, चालवणं, पाणी पाजणं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय आणि पाठ चोळणं. एवढ्यानं डेलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. २००९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची गुंगी रोज उतरवून त्यांना पहिल्या दिवसांपासूनच हालचाल करायला लावली. घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे ५९ टक्के निघाले, नेहमीच्या पद्धतीत ३५ टक्के. भ्रमाचे दिवसही कमी झाले.

इथे थोडं मागे जाते. आयसीयूचा जन्म कोपनहेगनमधला, १९५२ च्या पोलिओच्या साथीतला. श्वासाचे स्नायू निकामी झालेली माणसं, बरीचशी मुलंच, आणि पुरेशी यंत्रं नाहीत. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यात नळी घालून हातानं पिशवी दाबत श्वास देण्याची युक्ती पुढे आणली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत होते. मुलं जागी असायची, विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवायचे. प्रत्येक श्वासामागे एक माणूस उशाशी बसलेलं होतं. पुढे यंत्रं सुधारली, लाखो जीव वाचले, आणि उशाचा माणूस दाराबाहेर गेला. त्याला आत आणायला आम्ही फार उशीर केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून त्या दोन दिवसांबद्दल. तुम्ही आत गेला नाहीत कारण तुम्हाला बघून ते भडकत होते, आणि "हा भ्रम आहे, आवाज खाली ठेवून बोलत राहा, पाच मिनिटांनी पुन्हा या" हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगणं आमचं काम होतं. आप्पांच्या आजाराचा हिशेब मांडलाच तर न्यूमोनिया, गुंगी, अपुरी झोप यांच्यापुढे तुमचे दोन दिवस कुठेच बसत नाहीत. शिवाय दादा जात होता, म्हणजे घरचा आवाज त्यांच्या कानावर पडत होता.

हात बांधण्याचं मात्र मला वाईट वाटतं. घशातली नळी किंवा मानेतली सलाइनची लाइन उपटली तर जीव जाऊ शकतो, आणि एका सिस्टरकडे बरेच रुग्ण असतात, हे मी रोज बघते. तरीही बांधल्यानं भीती आणि धडपड वाढते, आणि नंतर हीच आठवण सर्वांत खोल राहते, हेही बघते. ब्रिटनच्या आयसीयूंत हात बांधण्याची पद्धत जवळजवळ नाहीच. पुढे कधी हा प्रसंग आलाच तर "मी हात धरून बसते, तोपर्यंत सोडा" असं विचारा. हो म्हणणारे डॉक्टर आणि सिस्टर भेटतात.

आप्पा परत पूर्वीसारखे होतील का? तुम्ही हे सरळ विचारलेलं नाही, पण पत्रभर तेच आहे. आयसीयूत गंभीर आजारातून गेलेल्या ८२१ जणांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यांतल्या ७४ टक्क्यांना डेलिरियम झाला होता. तीन महिन्यांनी ४० टक्के लोकांची विचारशक्ती डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खाली होती, वर्षभरानं ३४ टक्क्यांची. तरुणांमध्येही हे दिसलं, आणि ज्यांचा भ्रम जास्त दिवस टिकला त्यांना त्रास जास्त झाला. हा आकडा मी लपवत नाही, कारण आप्पा "मुद्दाम लक्ष देत नाहीत" असं घरात कुणालाही वाटायला नको. पण दहा आठवडे म्हणजे अजून फार लवकर आहे. पहिल्या वर्षात सुधारणा होत राहते, कधी अगदी हळू. स्नायूंची ताकद, झोप, हिशेब, मूड हे एकाच वेगानं येत नाहीत.

तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे. पहिलं म्हणजे ती रात्रीची गोळी. आयसीयूत आठ दिवसांसाठी सुरू केलेली अशी औषधं घरी जातानाच्या कागदावर तशीच राहून जातात, ही जगभरची चूक आहे. कागद घेऊन फिजिशियनकडे जा आणि विचारा, "ही अजून हवी का, आणि बंद करायची तर कशी?" स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. गप्प राहणं आणि विसरणं याला गोळीही कारण असू शकते. त्याच भेटीत थायरॉइड, बी-१२, सोडियम, हिमोग्लोबिन तपासून घ्या, कान आणि डोळे दाखवा. उदासी आहे का ते विचारायला सांगा. आयसीयूनंतरचं नैराश्य आणि दचकून उठणं यांवर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच नको. जगून काय करायचं, अशा अर्थाचं काही ते बोलले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. पडण्याआधीच्या वर्षात ते रस्ता चुकत होते का, तेच तेच विचारत होते का, हे दादाबरोबर बसून आठवा. आधीपासून सुरू झालेला स्मृतिभ्रंश कधी कधी अशा आजारात पहिल्यांदा उघडा पडतो, आणि डॉक्टरांना ही माहिती तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.

घरात त्यांना कामं द्या, परीक्षा घेऊ नका. "काल कोण आलं होतं, सांगा बघू" हे विचारणं बंद करा. बिलं त्यांच्यासमोर ठेवा, बेरीज त्यांनी करायची, तुम्ही शेजारी बसायचं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळचं ऊन मिळू द्या. आणि एक धोक्याची खूण: सध्याच्या मानानं एखाद्या दिवशी अचानक जास्त बरळले किंवा अचानक जास्त सुस्त झाले, तर ते वयामुळे नसतं. संसर्ग, लघवी अडकणं, सोडियम कमी होणं, नवं औषध, यांपैकी काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता पित्ताशय. भुलीच्या भीतीनं नाही म्हणू नका. एकदा जोरात दुखून गेलेले खडे पुन्हा त्रास देण्याची शक्यता बरीच असते. ताप, पू, कावीळ होऊन मध्यरात्री तातडीचं ऑपरेशन करावं लागलं, तर डेलिरियमचा धोका आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असेल. त्याचबरोबर घाईही नको. ताप नाही, कावीळ नाही, दुखणं थांबलेलं आहे, तर फुफ्फुस आणि पायांत ताकद येईपर्यंत काही आठवडे थांबता येईल का, हे सर्जनना विचारा. दुखण्याबरोबर ताप आला, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र वाट पाहू नका. मधल्या काळात रोज चालणं, श्वासाचे व्यायाम आणि खाण्यात पुरेशी प्रथिनं असू देत. ऑपरेशनची तयारी तिथूनच सुरू होते.

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोटात वायू भरतात, म्हणून सहसा पूर्ण भूलच लागते. तेव्हा "कमरेतूनच द्या" असा हट्ट धरू नका. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या दिवशी ट्रॉलीशेजारी न भेटता काही दिवस आधी भेटा, आणि तुमचं पहिलं वाक्य हे असू दे: "यांना मागच्या वेळी डेलिरियम झाला होता." मागचे कागद दाखवा, केसपेपरवर तसं लिहून घ्यायला सांगा. एवढ्या एका माहितीनं आमचं सगळं नियोजन बदलतं. आधीची गुंगीची गोळी टाळता येते. डायझेपामच्या जातीची औषधं, प्रोमेथाझिनसारखी जुनी झोप आणणारी औषधं, पेथिडिन ही वृद्धांच्या डोक्याला त्रास देतात, ती शक्यतो दूर ठेवता येतात. भूल किती खोल आहे ते कपाळावरच्या पट्टीनं मेंदूच्या लहरी वाचून बघता येतं. त्यानं डेलिरियम टळतोच असं नाही, अभ्यासांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, पण सोय असेल तर मी वापरते.

वेदनेबद्दल आग्रहानं बोला. गुंगी येईल म्हणून वृद्धांना वेदनाशामकं कमी द्यायची, असं बऱ्याच घरांना वाटतं, आणि काही डॉक्टरांनाही. न दाबलेली वेदना स्वतःच डेलिरियम घडवते. जखमांच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन, ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल आणि त्यावर लागेल तेवढंच मॉर्फिनच्या जातीचं औषध, अशी सांगड घातली की दुखणंही आवरतं आणि डोकंही साफ राहतं. आप्पा मागणार नाहीत, हे गृहीत धरा. "दुखतंय का?" या प्रश्नाला त्यांच्या पिढीचं उत्तर "नाही" असतं. खोकायला सांगा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्याकडून लेखी घ्या. घरी कुणीही अंदाजानं थांबवू नका. उपाशी राहण्याचंही नीट विचारा. घन आहार सहा तास आधी बंद करावा लागतो, पण साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. रात्रीपासून पाण्याविना ठेवलेला वृद्ध माणूस दुपारी ऑपरेशनला जातो, ही मी फार वेळा पाहिलेली आणि फार वेळा भांडलेली गोष्ट आहे. यादीत सकाळचा पहिला नंबर मागा. शुद्धीवर आल्या आल्या चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी त्यांना मिळाली पाहिजे, म्हणून त्या वस्तू नाव लिहिलेल्या डब्यात तुमच्या हातात ठेवा. लघवीची नळी लागलीच तर ती लवकरात लवकर काढायला सांगा. त्याच संध्याकाळी खुर्चीत बसवा, रात्री दिवे बंद करायला सांगा, आणि घरचं एक माणूस सतत जवळ राहू देण्याची परवानगी आधीच मिळवून ठेवा. इतकं करूनही थोडा भ्रम झाला, तर या वेळी तुम्ही तो पहिल्या तासात ओळखाल. तेव्हा वाद घालू नका, "कुठे आहेत मुंग्या, वेडे झालात का" असं म्हणू नका. "मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे" इतकंच म्हणा.

शेवटचा प्रश्न, विषय काढावा का. काढा. त्यांना काही आठवत नसेल, असं सगळी घरं धरून चालतात. पण भ्रमात दिसलेलं पुष्कळांना लख्ख आठवतं, आणि खरं घडलेलं आठवत नाही. मधले दिवस कोरे असतात आणि त्या कोऱ्या जागेत मुंग्या आणि विष असतं. सांगितलं तर वेडा ठरवतील, म्हणून माणूस गप्प बसतो. आप्पांचं गप्प राहणं तसलंही असू शकेल. युरोपात काही आयसीयूंत सिस्टर आणि घरचे मिळून रुग्णाची रोजनिशी लिहितात: आज ताप उतरला, आज नळी काढली, आज मुलगा येऊन गेला. बरा झाल्यावर ती रुग्णाला देतात. २०१० च्या एका अभ्यासात अशी रोजनिशी मिळालेल्यांमध्ये त्या धक्क्याचा मानसिक आजार ५ टक्के दिसला, न मिळालेल्यांमध्ये १३ टक्के. फ्रान्समधल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात मात्र ठळक फरक निघाला नाही. तरी मी ती सुचवते, कारण ज्यांनी ती वाचली त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

तुमच्याकडे रोजनिशी नाही, पण हॉस्पिटलचे कागद आहेत, दादाच्या फोनमधले मेसेज आहेत, तुमची आठवण आहे. दोघं मिळून त्या दिवसांची तारीखवार वही लिहा. त्यात "या दोन दिवशी मी आत आले नाही, मला भीती वाटली" हेही लिहा, आणि सहीचंही लिहा, ती कशाची होती ते. मग एखाद्या दुपारी, ते ताजेतवाने असताना, घरात पाहुणे नसताना जवळ बसा. वही लगेच उघडू नका. आधी विचारा, "आप्पा, तिथं छतावर मुंग्या होत्या म्हणालात. किती होत्या? कुठून येत होत्या?" आणि ते सांगतील तेवढं, मध्ये न बोलता, ऐकून घ्या.